सरदार अजबरावांचं मरण

पारोळ्याच्या एसटी स्टँडवर प्रेमराज वाहतूक नियंत्रक आहे. म्हणजे खिडकीच्या आत बसून माईकवर गाड्या पुकारायच्या, कंडक्टरांच्या कागदांवर सह्या ठोकायच्या आणि उरलेला सगळा वेळ लोकांना समजावून सांगायचं. "जळगावहून आलेली, धुळ्याकडे जाणारी गाडी फलाटावर उभी आहे," असं त्याने घसा खरवडून पुकारावं, की लगेच खिडकीत एक डोकं येतं आणि विचारतं, "धुळ्याची गाडी लागली का हो?" दुसरा कुणी असता तर खेकसला असता. प्रेमराज खुर्ची पुढे ओढतो. ही गाडी जळगावहून कधी निघाली, एरंडोलला का थांबली, ड्रायव्हर कोण आहे आणि तो घाटात कसा सांभाळून चालवतो, हे सगळं तो त्या माणसाला नीट उलगडून सांगतो. तेवढ्यात कधी कधी गाडी सुटते. मग पुढची कधी आहे, हेही तो तितक्याच मायेने सांगतो.

समजावून सांगितलं की माणसाला सगळं समजतं, असा त्याचा ठाम विश्वास आहे. असले विश्वास बहुधा सरकारी नोकरीत येतात, पण प्रेमराजला हा घरातूनच लागला होता.

त्याचं घर किल्ल्यामागच्या गल्लीत. खरं तर दोन घरं, एका भिंतीची. एकात त्याचे वडील रूपचंद नाना, प्रेमराज आणि त्याची बायको सविता. दुसऱ्यात धाकटे चुलते यादव आबा आणि बेबाबाई काकू. दोन्ही घरांपुढे एकच लांब ओटा. त्याच्या एका टोकाला नाना बसतात, दुसऱ्या टोकाला आबा, एकमेकांकडे पाठ करून. गेली दहा-अकरा वर्षं दोघांत बोलणं नाही. मधल्या खांबाला टेकून प्रेमराज बसतो, कारण त्याच्याशिवाय दोघांचं पान हलत नाही.

"पेमा, त्याले सांग, नळले पानी उनं," नाना म्हणतात.

आबांना ते स्वच्छ ऐकू येतं. गल्लीतल्या सगळ्यांना येतं. तरीही प्रेमराजने आबांकडे मान वळवून "आबा, नळाला पाणी आलंय" असं म्हटल्याशिवाय निरोप पोहोचला असं धरत नाहीत. मग आबा सांगतात, "पेमा, त्याले सांग, माले दिखी ऱ्हायनं." की प्रेमराजने मान इकडे वळवायची. अशाने त्याची मान दुखते. डॉक्टरांनी उशी बदलायला सांगितली आहे.

हे भांडण शेताच्या बांधावरून नाही की घराच्या वाटणीवरून नाही. ते एका टोपीवरून आहे. एरंडोलला सोयऱ्यांकडे लग्न होतं. मांडवात मानाचे टॉवेल-टोपी देणारा पोरगा ताट घेऊन आला. नानांनी आदल्याच दिवशी केस काळेभोर करून घेतले होते. आबांचं डोकं मात्र कपाशीच्या बोंडासारखं पांढरं. पोरग्याने आबांना थोरले समजून पहिली टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली, आणि आबा काहीच बोलले नाहीत. आबांचं म्हणणं, तोंडात जिलबी होती. नानांचं म्हणणं, जिलबी गिळायला इतका वेळ लागत नाही. बस, एवढंच. त्या दिवसापासून नानांनी धाकट्या भावाचं नाव तोंडातून काढलेलं नाही. 'तो', 'त्याले', 'त्यानं' यावर काम भागवतात.

यंदा मात्र श्रावणाच्या महिनाभर आधीच प्रकरण हातघाईवर आलं. खानदेशात श्रावणातल्या एका रविवारी घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गव्हाच्या मुठी घेतात, ते गहू दळतात, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे असतात. टोपीच्या लग्नानंतर या घराचे रोट वेगळे झाले होते. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन कानबाया बसायच्या. आणि आता आबांचा मुलगा रविंद्र, जो सुरतला कापडाच्या मार्केटात काम करतो, त्याने फोनवर सांगितलं की यंदापासून कानबाई सुरतलाच बसवू, तुम्ही दोघं इकडेच या.

"एकदाव देवी सुरतले गयी म्हनजे गयी," काकू सविताला म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला.

प्रेमराजला हे ऐकून जेवण गेलं नाही. आबांनी त्याला सायकल शिकवली होती, पोहायला शिकवलं होतं, दहावीला नापास झाला तेव्हा नानांच्या हातातली काठी आबांनीच धरली होती. आबा त्याला वडिलांपेक्षा अंमळ जास्तच आवडायचे, आणि हे त्याने सवितालाही कधी सांगितलं नव्हतं. तो ओट्याच्या त्या टोकाला गेला आणि आबांना म्हणाला, जाऊ नका, रोट एकत्र करू.

"मोठा तो शे," आबा म्हणाले. "त्यानी सोताना तोंडघाई सांगं ते मी ऱ्हासू. तुन्हा तोंडघाई नही."

प्रेमराज मान वळवून या टोकाला आला.

"मी मोठा शे," नाना म्हणाले. "मी काब्रं सांगू?"

मोठा म्हणून नानांनीच स्वतःच्या तोंडाने सांगायचं, आणि मोठा म्हणूनच ते सांगणार नाहीत. प्रेमराजने दोन्ही टोकांना पुष्कळ समजावून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा समजावण्याचा काही उपयोग झाला नाही.

आता एका खेळाकडे येऊ. स्टँडच्या कँटीनमध्ये दर शनिवारी धुळ्याला शिकणारी तीन पोरं गावाकडच्या गाडीची वाट बघत बसायची. चहा एक, कप तीन, आणि टेबलावर रंगीत फासे. स्टँडवरच्या हवालदाराला फासे दिसले आणि त्याला वाटलं, सापडला अड्डा. तो प्रेमराजला घेऊन आला.

"पैसे कुठायत?" हवालदाराने विचारलं.

"पैशांवर नाहीये काका," दीपमाला नावाची मुलगी खाली मान घालून म्हणाली.

"मग जिंकतं कोण?"

"कुणी नाही."

"हरतं कोण?"

"कुणीच नाही."

"मग खेळता कशाला?" हवालदार खरोखरच रागावला. जुगार असता तर त्याला निदान समजला तरी असता.

तो निघून गेला, पण प्रेमराज तिथेच बसला. न समजणारी गोष्ट समोर असताना उठून जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पोरांनी त्याला सांगितलं की हा रोलप्लेइंग गेम आहे. एकजण गोष्ट सांगणारा, बाकीचे गोष्टीतली माणसं. सांगणारा म्हणतो, तुमच्यासमोर दरी आहे, काय करता? तुम्ही म्हणता, उडी मारतो. जमली की नाही, ते हा वीस तोंडांचा फासा ठरवतो. मोठा आकडा आला तर पलीकडे, लहान आला तर खाली. मग सांगणारा पुढचं सांगतो. पट नाही, सोंगट्यांची घरं नाहीत, शेवटचं घर नाही. गोष्ट जाईल तिकडे जायचं.

प्रेमराजला गंमत वाटली, पण त्याला खरा धक्का दिला तो दीपमालाने. ही मुलगी इतकी बुजरी, की कंडक्टरने सुट्टे परत दिले नाहीत तरी मागत नसे. प्रेमराजनेच दोनदा मागून दिले होते. आणि खेळ सुरू झाला तशी ती दरोडेखोरांची राणी झाली आणि टेबलावर थाप मारून अशी गरजली, की कँटीनवाल्याच्या हातातली गाळणी पडली. खेळ संपला, गाडी आली, आणि ती पुन्हा खाली मान घालून निघून गेली.

प्रेमराज खिडकीत जाऊन बसला. धुळ्याची गाडी लागली का, असं दोघांनी विचारलं. त्याने त्यांना नुसतं "हो" म्हटलं. दुसऱ्याच्या नावाने माणसाला जे बोलता येतं ते स्वतःच्या नावाने येत नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

पुढचे काही शनिवार तो त्या पोरांत बसला, फासे उसने आणले, आणि एका संध्याकाळी सविताला सगळं समजावून सांगायला बसला. सविता जळगावची, गहू निवडत होती. प्रेमराजने गोष्ट सांगणारा म्हणजे काय इथपासून सुरुवात केली, पात्रांची शक्ती, फाशांचे आकडे, जखमा, औषधं असं करत करत बराच पुढे आला.

"म्हणजे भातुकली," सविता म्हणाली.

"अगं, भातुकली कशी? यात नियम आहेत."

"भातुकलीत फासे टाकले. झालं." तिने सुपातला खडा उचलून बाहेर टाकला. "आणि तुम्ही नाना-आबांना भातुकली खेळायला बसवणार."

इतकी मोठी गोष्ट एका शब्दात मावली याचं प्रेमराजला वाईट वाटलं. पण सविताने पुढे विचारलं, "मी कोण होऊ?" तेव्हा तो सुखावला.

कानबाईच्या आधीचा रविवार. दुपारी केबल गेली होती आणि गल्लीत कुणाला काही काम नव्हतं. प्रेमराजने ओट्याच्या मधोमध पाट मांडला, त्यावर खडूने किल्ला काढला, खंदक काढला, आणि फासे ठेवले.

"नाना, युद्ध आहे. सरदार लागतो. दुसरा कुणी शोभणार नाही."

नाना सरकत सरकत पाटाजवळ आले. सरदार म्हटल्यावर कोण नाही येणार?

"आबा, सैन्यात वैद्य लागतो. तो नसला तर सगळे मरतील."

आबाही सरकले. आपल्यावाचून नाना मरतील ही कल्पना त्यांना आवडलेली दिसली.

नानांनी नाव घेतलं सरदार अजबराव. आबा झाले गोमाजी वैद्य. सविता धनुर्धारी झाली, पण चुलीवर दूध आहे, मधेच उठेन असं आधीच सांगून. काकूंना कोण व्हायचं विचारलं तर त्या ताडकन म्हणाल्या, "चोर." सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. "काय देखी ऱ्हायनात? जनमभर इमानदारीच करी ना मी." पाटावर सरदाराची सुपारी, वैद्याचा शेंगदाणा, चोराची लसणाची पाकळी. पहिला वैद्य आबांनी बोलता बोलता खाऊन टाकला. त्यांना दुसरा दिला.

मग प्रेमराजने त्याचा हुकमाचा नियम सांगितला. "मी गोष्ट सांगणारा आहे. मी गोष्टीत नाही. सरदाराला पेमा नावाचा मुलगा नाही आणि वैद्याला पुतण्या नाही. ज्याला जे बोलायचं ते त्यानं स्वतः बोलायचं."

नानांनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं, पण सरदारकी हातची घालवायची त्यांची तयारी नव्हती.

प्रेमराजने माईकवरचा आवाज लावला. "सावधान! सरदार अजबराव आणि मंडळी, तुम्ही खंदकापाशी आला आहात. समोरून एक राक्षस येत आहे. त्याच्या हातात गदा आहे, डोळे लालभडक आहेत, आणि तो तुमच्यावर धावून येत आहे. सरदार, तुम्ही काय करता?"

नानांनी टोपी सारखी केली आणि घसा खाकरला.

"राम राम, पाव्हना. कोनतं गाव?"

 पोरांनी दिलेल्या माहितीत राक्षसाची ताकद होती, गदेचं वजन होतं, गाव नव्हतं. "शिंदखेडा," तो घाईत म्हणाला.

"शिंदखेडामां कोना घरना?"

"सोनवणे," राक्षस म्हणाला.

"मंग भटूदादा सोनवणे तुम्हना कोन?"

राक्षसापुढे काही इलाज नव्हता. "चुलते."

"आरे, मंग त्यासनी मावसबहीन आमनाच गल्लीमां दियेल शे!" नानांनी मांडीवर थाप मारली. "हाऊ ते आपला सोयरा निंघना."

"नाना, तो गदा उगारतोय!"

"उगारू दे. सोयराले कोनी मारस का?"

काकूंनी पुढे वाकून चौकशी केली, "डोया काब्रं लाल शेतस, भाऊ? जागरन झायं का?"

प्रेमराजने चार रात्री खपून ती लढाई रचली होती. पहिला राक्षस सोयरा निघाला म्हणून त्याने दुसरी, एक चेटकीण काढली. ती नंदुरबारकडची निघाली आणि काकूंच्या माहेरची. तिने सविताला हळदीकुंकू दिलं. तिसऱ्या राक्षसाचं आडनाव प्रेमराजने मुद्दाम कुणी ऐकलेलं नसेल असं सांगितलं. आबांनी ते लोक मूळचे कुठले आणि इकडे कधी आले ते सांगितलं आणि त्याच्या आजोबांची ओळख काढली. तासाभरात किल्ल्यातल्या समस्त दुष्ट शक्ती पाहुण्या होऊन ओसरीवर बसल्या. कँटीनमधल्या पोरांच्या खेळात फासा सगळ्यांत मोठा होता. खानदेशातल्या माणसापुढे राक्षसाने गाव सांगितलं की संपलं.

हेही चाललं असतं. पण सगळे राक्षसांशी बोलत होते आणि सरदार वैद्याशी अजूनही बोलत नव्हता. आणि मग किल्ल्याचा आतला दरवाजा आला.

"सोनवणे पाव्हना," नाना म्हणाले, "त्या वैद्यले सांगा, पुढला दरवाजा बंद शे."

"पाव्हना," आबा लगेच म्हणाले, "त्या सरदारले सांगा, माले दिखी ऱ्हायनं."

आणि दोघंही प्रेमराजकडे बघत बसले, कारण राक्षसाचं काम त्याच्याकडे होतं. त्यांनी नवा पेमा शोधून काढला होता. प्रेमराजची मान आपोआप वळायला लागली आणि त्याला भयंकर संताप आला.

"सोनवणे गेले," तो ओरडला. "शिंदखेड्याची शेवटची गाडी लागली होती. गेले ते. चेटकीणही गेली. सगळे गेले!" आणि राग डोक्यात असतानाच त्याला सुचलं, की सापाला आडनाव नसतं. "सरदार अजबराव, तुमच्या पायाखाली नाग आहे. फासा टाका."

नानांनी फासा टाकला. तो ओट्यावरून घरंगळत गेला आणि एकावर थांबला. यापेक्षा वाईट आकडा त्या फाशावर नाही.

"नाग चावला," प्रेमराजने जाहीर केलं. "विष चढतंय. वैद्य मागच्या दालनात आहेत, त्यांच्याकडे औषध आहे. पण सरदाराने हाक मारल्याशिवाय त्यांना कळणार नाही. एक हाक, नाना. 'वैद्यबुवा, या.' एवढंच."

सविता दूध विसरून बसली. काकूंनी लसणाची पाकळी मुठीत धरली. आबा समोरच्या भिंतीकडे बघत होते, पण त्यांचा कान इकडे होता. नाना खऱ्या किल्ल्याच्या बुरुजाकडे बघत राहिले.

"मरी जाऊ दे," ते म्हणाले.

"नाना, सरदार मरेल."

"सरदार मरी जाई, पन हाक माराव नही."

"ठीक आहे," प्रेमराज म्हणाला. "सरदार अजबराव मेले."

नाना शिस्तीचा माणूस. मेलो म्हटल्यावर ते ओट्यावर आडवे झाले, हात छातीवर घेतले आणि उपरणं तोंडावर ओढलं. "मरनू," आतून आवाज आला.

प्रेमराजचे डोळे भरून आले. तो काही सरदाराच्या मरणाला रडत नव्हता. दोन-चार दिवसांत आबा आणि काकू सुरतच्या गाडीत बसणार, आणि ती गाडी आपणच माईकवर पुकारणार, असं त्याला दिसत होतं. तो फासे गोळा करू लागला.

"पेमा," आबा म्हणाले, "वैद्यले आते कयनं का, सरदार मरना ते?"

"कळलं," प्रेमराज म्हणाला.

"मंग वैद्य जाई ना त्यानाजोडे."

आबा उठले नाहीत. बसल्या बसल्या हातांवर भार देत ते पाटाला वळसा घालून सरकले आणि नानांच्या उशाशी येऊन थांबले. काकूंनी सवयीने हेल काढून रडायला सुरुवात केली. आबांनी त्यांना हाताने थांबवलं.  मेलेला माणूस उलटून बोलत नाही, त्यामुळे त्याच्याशी बोलायला तितकं अवघड नसतं.

"सरदार," आबा म्हणाले, "टोपीना टाइमले मन्हा तोंडमां जिलबी नव्हती. मी कव्हयच गियेल व्हती. माले बरं वाटनं, म्हनीसन मी बोलनू नही. जनमभर धाकला. एक घडी मोठा व्हयनू, ते बरं वाटनं."

गल्लीत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. उपरण्याची एक बाजू जराशी हलली.

"पेमा," खालून आवाज आला, "मरेल मानूस बोलू शकस का?"

आता कुठलाही शहाणा माणूस "हो" म्हणाला असता. पण प्रेमराज वाहतूक नियंत्रक आहे. "नाही नाना," तो म्हणाला, "नियमात बसत नाही."

सविताने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो जागचा उडाला.

"मंग भूत?" उपरण्याने विचारलं.

"भूत बोलतं," प्रेमराज दंड चोळत म्हणाला. "किल्ल्यात भुतांना परवानगी आहे."

नाना उठले नाहीत की त्यांनी उपरणंही काढलं नाही. आवाज मात्र त्यांनी खोल केला.

"वैद्यबुवा. मी सरदारनं भूत बोली ऱ्हायनू."

"बोला," आबा म्हणाले.

"जिलबीनं माले तव्हयच कयेल व्हतं."

"मंग?"

"मंग काय. डोकं काया करानी माले बी काही गरज नव्हती."  भुताला पुढचं बोलणं जड जात होतं, हे उपरण्यावरूनही कळत होतं. "सुरतले जाऊ नका. रोट एकजागे करूत."

 प्रेमराजला मात्र ओट्यावरचं बोलणं आठवलं. आबांची अट नानांच्या स्वतःच्या तोंडाची होती, आणि हे तर अजबरावांचं भूत. काकूंच्याही मनात तेच आलं असावं.

"भूतनं सांगेल चालस का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

आबांनी उपरण्याकडे पाहिलं. "तोंड ते त्यानंच शे ना," ते म्हणाले, आणि त्यांनी काकूंना रविंद्रला फोन लावायला सांगितलं.

याने दोन्ही भावांचं सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. सोमवारी सकाळी दोघंही ओट्याच्या आपापल्या टोकाला पाठ करून बसले होते. "पेमा, त्या वैद्यले सांग, पेपर वाची झाया व्हई ते दे म्हनीसन," नाना म्हणाले. पेपर आला, पण प्रेमराजमार्फत. 'त्याले' जाऊन 'त्या वैद्यले' आलं, एवढीच सुधारणा. शुक्रवारपर्यंत प्रेमराजची मान पुन्हा दुखायला लागली.

शनिवारी रोटांचे गहू घ्यायचे होते. दोन्ही घरांच्या मधलं दार उघडलं, ताट मांडलं, निवडलेले गहू आणले. काकूंनी दिवा लावला. घरातल्या थोरल्या माणसाने एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने गव्हाची मूठ ताटात टाकायची, वयाच्या क्रमाने. ही देवीची गोष्ट. इथे सोंग चालत नाही. सरदार नाही, वैद्य नाही, भूत नाही.

नाना पाटावर बसले. आबा बाहेर ओट्यावर होते, चपलेचा तुटलेला अंगठा शिवत.

"रूपचंद," नाना म्हणाले आणि स्वतःच्या नावाची मूठ टाकली. मग त्यांनी दुसरी मूठ भरली आणि हात तसाच गव्हावर थांबला. मुठीतून चार दाणे खाली सांडले. प्रेमराजने तोंड उघडलं. इतक्या वर्षांची सवय. ते नाव त्याने बापासाठी कधीच घेऊन टाकलं असतं. सविताने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"यादव," नाना म्हणाले.

त्यांनी आबांना हाक मारली नव्हती. गव्हासाठी नाव घेतलं होतं, तेही हळू आवाजात. पण बाहेरून चप्पल टाकल्याचा आवाज आला, आणि लहानपणी ज्या लगबगीने दिली असेल त्याच लगबगीने ओट्यावरून ओ आली.

"ओ, दादा!"

एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, असे आबा दारात येऊन उभे राहिले. "काय म्हनस?"

नानांच्या मुठीत गहू तसेच होते. त्यांनी वर पाहिलं. "काही नही," ते म्हणाले. "तुन्हा गहू मोजी ऱ्हायनू."

"मोज," आबा म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी खाली बसले.